अळी, खरकटं पाणी आणि पंचकोन

रेशमाची अळी, खरकट्या भांड्यांचं तेलकट पाणी आणि पाच बाजूंची फरशी. या तीन गोष्टींत साम्य काय, असा प्रश्न वर्गात टाकला तर मुलं गोंधळतील आणि आपणही गोंधळू. शाळेच्या कुठल्याच पुस्तकात या तिन्ही गोष्टी एका धड्यात येत नाहीत. साम्य आहे ते इतकंच, की तीन वेगवेगळ्या शतकांत तीन बायकांच्या मनात या गोष्टींनी घर केलं होतं. स्वयंपाक, शिवणटिपण, घरातली दुखणीबाणी, मुलांचं करणं हे सगळं चालू असताना त्यांचं मन पुन्हा पुन्हा त्या एकाच गोष्टीकडे वळत असे. त्याबद्दल त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं, त्याची कुठली परीक्षाही द्यायची नव्हती.

विज्ञानाच्या इतिहासात अशा बायका बऱ्याच भेटतात. कॅरोलाइन हर्शल रात्र रात्र धूमकेतू शोधत बसे. १७८६ ते १७९७ या काळात तिला आठ सापडले. मेरी अ‍ॅनिंग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ढासळणाऱ्या कड्यांमधून जीवाश्म खणून काढत असे. अ‍ॅना अ‍ॅटकिन्सनं १८४३ पासून समुद्रशैवालांचे निळे छायाठसे घेण्याचा उद्योग मांडला. पुरुष संशोधकांच्या विषयांची संगती बहुधा लागते. त्यांचे गुरू कोण, विद्यापीठ कुठलं, त्या काळी वाद कशावर चालला होता हे कळलं की त्यांनी तो विषय का घेतला हे समजतं. बायकांच्या विषयांची यादी मात्र लहर लागल्यासारखी दिसते. एकीचा दुसरीशी संबंध नाही.

ही खरोखर लहर होती का? की त्यामागेही काही कारण होतं? सुरुवातीला सांगितलेली तीन उदाहरणं जरा सावकाश पाहू.

मारियाच्या पेट्या

मारिया सिबिला मेरियन हिचा जन्म १६४७ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट इथे झाला. वडील खोदचित्रकार आणि प्रकाशक होते, पण ती तीन वर्षांची असतानाच ते वारले. आईनं फुलांची चित्रं काढणाऱ्या एका चित्रकाराशी लग्न केलं. या सावत्र वडिलांच्या चित्रशाळेत मारिया रंग कालवायला आणि रेखाटायला शिकली.

तेराव्या वर्षी तिनं रेशमाच्या अळ्या पाळल्या. अळी पानं खाते, कात टाकते, स्वतःभोवती कोष विणते आणि त्यातून पतंग बाहेर येतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. मग तिला वाटलं, रेशमाच्या अळीचं असं होतं, तर बागेतल्या इतर अळ्यांचं काय होत असेल? त्या दिवसापासून ती दिसेल ती अळी गोळा करू लागली. पेट्यांमध्ये ठेवायची, रोज पानं घालायची आणि वाट पाहायची.

आज हे आपल्या चौथीतल्या मुलांनाही ठाऊक असतं. पण १६६० साली परिस्थिती काय होती ते लक्षात घ्यायला हवं. किडे चिखलातून, दंवातून, सडक्या मांसातून आपोआप जन्मतात, असं तेव्हा विद्वान लोकही मानत. झाकलेल्या मांसात अळ्या पडत नाहीत हे दाखवणारा फ्रान्सेस्को रेदीचा प्रसिद्ध प्रयोग १६६८ सालचा. म्हणजे मारियानं पेट्यांमध्ये अळ्या पाळायला सुरुवात केली त्यानंतर आठ वर्षांनी झालेला.

पुढे मारियाचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. ती मुलींना भरतकाम आणि चित्रकला शिकवत असे. भरतकामासाठी उपयोगी पडतील अशा फुलांच्या नमुन्यांचं पुस्तकही तिनं काढलं. त्यासोबत अळ्याही चालूच होत्या. १६७९ साली तिचं अळ्यांवरचं पुस्तक आलं, १६८३ साली दुसरा भाग. प्रत्येकात ५० चित्रं. या चित्रांत एक नवी गोष्ट होती. एकाच पानावर अंडी, अळी, कोष, फुलपाखरू आणि ती अळी जे झाड खाते ते झाड, असं सगळं एकत्र दाखवलेलं. त्या काळचे संग्राहक मेलेलं फुलपाखरू टाचणीला लावून ठेवत. मारिया मात्र ते कुठे राहतं आणि काय खाऊन मोठं होतं, हे सांगत होती. काही कोषांतून फुलपाखराऐवजी भलत्याच माश्या बाहेर पडल्या. का, ते तिला उलगडलं नाही, पण दिसलं ते तिनं नोंदवलं. आज आपल्याला माहीत आहे की ते परजीवी कीटक होते.

पुढे नवऱ्यापासून वेगळी होऊन ती मुलींसह १६९१ साली आम्स्टरडॅमला आली. तिथे श्रीमंतांच्या संग्रहात दूरदेशची सुंदर फुलपाखरं तिला पाहायला मिळाली. पण त्यांच्या अळ्या कुठे होत्या? हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. १६९९ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, स्वतःची चित्रं विकून तिनं पैसे उभे केले आणि धाकट्या मुलीला घेऊन ती जहाजानं दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या डच वसाहतीत गेली. तिथले मळेवाले तिची थट्टा करत. या देशात साखरेखेरीज दुसरं काही शोधायला कुणी येतं का, असं त्यांना वाटे.

या कामात तिला तिथल्या मूळ रहिवाशांची आणि गुलामांची मदत झाली. त्यांनी सांगितलेलं तिनं लिहून ठेवलं. त्यातली एक नोंद आपल्याला चटका लावून जाते. आपल्याकडे शाळेच्या कुंपणाशी, बागेत, लाल-पिवळ्या तुऱ्यांचा शंखासुर फुललेला असतो. तेच झाड मारियाला सुरीनाममध्ये भेटलं. तिनं त्याचं चित्र काढलं, त्यावरची अळी काढली आणि शेजारी लिहिलं, की गुलाम बायका या झाडाच्या बिया गर्भ पाडण्यासाठी वापरतात. आपलं मूल गुलामीत जन्माला येऊ नये म्हणून. हे तिला त्या बायकांनीच सांगितलं होतं. वनस्पतीचं वर्णन करताना हे लिहावं असं त्या काळच्या किती लेखकांना सुचलं असतं?

आजारी पडल्यामुळे १७०१ साली तिला परतावं लागलं. १७०५ साली सुरीनामच्या कीटकांवरचं तिचं ६० चित्रांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. लिनियसनं सजीवांचं वर्गीकरण करताना तिच्या चित्रांचा आधार घेतला. पण एकोणिसाव्या शतकात काही जणांनी तिला भोळी ठरवलं. तिनं एका चित्रात मोठा कोळी छोट्या पक्ष्याला खाताना दाखवला होता. असं कधी होतं का, म्हणून तिची टर उडवली गेली. टीका करणाऱ्यांपैकी एक जण तर सुरीनामला कधी गेलेलाही नव्हता. १८६३ साली हेन्री बेट्सनं अ‍ॅमेझॉनच्या प्रवासवर्णनात पक्षी मारणारा कोळी स्वतः पाहिल्याचं लिहिलं, तेव्हा त्या चित्राला पुन्हा किंमत आली. तोवर मारियाला जाऊन जवळजवळ दीडशे वर्षं झाली होती.

भांडी घासताना

दुसरी गोष्ट जर्मनीतल्याच ब्राउनश्वाइग गावची. आग्नेस पॉकल्सचा जन्म १८६२ चा. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. मलेरियानं त्यांची प्रकृती ढासळली, त्यामुळे नोकरी सोडून कुटुंब या गावी आलं. आग्नेस मुलींच्या शाळेत शिकली. भौतिकशास्त्राची तिला फार ओढ होती. पण तेव्हा जर्मन विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. पुढे प्रवेश मिळू लागला, तेव्हा आईवडिलांच्या इच्छेखातर ती गेली नाही. दोघंही आजारी असत आणि त्यांचं सगळं तिच्यावर होतं.

घरच्यांच्या आठवणींनुसार तिच्या संशोधनाची सुरुवात भांडी घासण्याच्या पाण्यातून झाली. तेलकट पाण्याचा पृष्ठभाग स्वच्छ पाण्यापेक्षा वेगळा वागतो, हे भांडी घासणाऱ्या प्रत्येकीनं पाहिलेलं असतं. तवंग पसरतो, साबण पडला की तो झटकन बाजूला पळतो. आग्नेसच्या मनात प्रश्न आला तो असा : किती तेल असलं की पाणी वेगळं वागायला लागतं?

हा ‘किती’ महत्त्वाचा आहे. त्यासाठी मोजमाप हवं आणि मोजमापासाठी साधन हवं. तिच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. विशीच्या आसपास तिनं घरीच एक साधन बनवलं. ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच अशी पत्र्याची पन्हळ. ती काठोकाठ पाण्यानं भरायची. तिच्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवायची, अशी की पट्टीची खालची बाजू पाण्याला टेकेल. झालं! पाण्याच्या पृष्ठभागाचे दोन भाग पडले. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग लहान होतो आणि दुसऱ्या बाजूचा मोठा.

युक्ती किती सोपी आहे पाहा. समजा पट्टीच्या उजवीकडे तेलाचा अगदी सूक्ष्म अंश आहे. पट्टी उजवीकडे सरकवली तर तेल तेवढंच राहतं, पण त्याला जागा कमी मिळते. म्हणजे तेल न घालता, न काढता, पृष्ठभागावरची त्याची दाटी हवी तशी कमीजास्त करता येते. शिवाय पट्टी केरसुणीसारखी फिरवून पृष्ठभाग झाडून स्वच्छही करता येतो.

आता पृष्ठताण मोजायचा. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो. या ओढीला पृष्ठताण म्हणतात. आग्नेसनं ६ मिलिमीटर व्यासाची एक छोटी चकती तराजूला टांगून पाण्यावर टेकवली आणि ती पाण्यापासून सुटायला किती वजन लागतं ते मोजलं. वजन जास्त लागलं तर ताण जास्त, कमी लागलं तर ताण कमी.

जे दिसलं ते अनपेक्षित होतं. पट्टी सरकवत दाटी वाढवली, तरी सुरुवातीला काहीच बदलत नाही. पृष्ठताण शुद्ध पाण्याइतकाच राहतो. मग एका ठराविक जागी आल्यावर तो एकदम घसरायला लागतो. म्हणजे तेलाचा परिणाम हळूहळू वाढत नाही. एक उंबरठा आहे. तो ओलांडला की फरक पडतो.

असं का? आज आपण याचं उत्तर असं देतो : तेलाचे रेणू पाण्यावर एकाच थरात पसरलेले असतात. ते विरळ असतील तोवर एकमेकांना लागत नाहीत, म्हणून ताणावर परिणाम होत नाही. जागा कमी करत गेलं की एक वेळ अशी येते की रेणू खांद्याला खांदा लावून उभे राहतात. शाळेच्या मैदानावर विखुरलेली मुलं आणि दोरी ओढून एका कोपऱ्यात दाटीनं उभी केलेली मुलं, यांच्यात जो फरक तोच इथे. आग्नेसच्या पन्हळीत जो उंबरठा दिसत होता, तो रेणूंचा पहिला धक्का होता. त्या काळी रेणू खरंच असतात का, यावरही मोठे शास्त्रज्ञ वाद घालत होते.

दहा वर्षं हे काम घरातच राहिलं. धाकटा भाऊ फ्रीडरिश गटिंगन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत होता. तो तिला पुस्तकं आणि नियतकालिकं पुरवी. त्यातून तिला कळलं, की इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले याच विषयावर प्रयोग करतो आहे. १० जानेवारी १८९१ रोजी तिनं त्याला जर्मनमध्ये पत्र लिहिलं. आपल्याला हे प्रयोग शास्त्रीय नियतकालिकात छापता येण्यासारखी परिस्थिती नाही, म्हणून ते तुम्हाला कळवते, असं तिनं त्यात नम्रपणे म्हटलं आणि पुढे सगळी मापं दिली.

रॅले हा त्या काळातला मोठा भौतिकशास्त्रज्ञ. १९०४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. ओळखदेख नसलेल्या एका परदेशी बाईचं पत्र. त्यातला काही भाग तर त्याच्या स्वतःच्या कामाशी स्पर्धा करणारा. त्यानं काय करावं? त्यानं पत्राचं भाषांतर ‘नेचर’ या साप्ताहिकाकडे पाठवलं. अगदी घरगुती साधनांनी या बाईंनी मोलाचे निष्कर्ष काढले आहेत, ते छापावेत, अशी शिफारसही केली. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते पत्र तिच्या नावानं छापून आलं. त्यानंतरही तिचे लेख ‘नेचर’मध्ये आले.

१८९९ साली रॅलेनं या उंबरठ्याचा अर्थ लावला. तिथे तेलाचा थर बरोबर एका रेणूइतका जाड असला पाहिजे, आणि ही जाडी सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, भरते. पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूरनं हीच पन्हळ सुधारून १९१७ साली रेणूंचे आकार मोजले. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्याला १९३२ चं नोबेल मिळालं. त्याची सहकारी कॅथरीन ब्लॉजेट हिनं अशा एकेका रेणूचे थर काचेवर चढवत नेले आणि १९३८ साली प्रकाश परावर्तित न करणारी काच बनवली. आग्नेसला ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठानं सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९३२ साली. तेव्हा ती ७० वर्षांची होती. १९३५ साली ती वारली.

या पन्हळीचा प्रवास तिथेही थांबला नाही. आपल्या फुप्फुसांतल्या वायुकोशांना आतून पातळ द्रवाचा थर असतो. त्याचा पृष्ठताण पाण्याइतका असता तर श्वास सोडताना वायुकोश मिटून गेले असते. १९५७ साली जॉन क्लेमेंट्सनं फुप्फुसातला द्रव अशाच प्रकारच्या साधनात ठेवून, पृष्ठभाग लहानमोठा करत मोजला. त्यात ताण कमी करणारा पदार्थ असल्याचं त्याला दिसलं. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी दाखवलं, की अपुऱ्या दिवसांची जी बाळं श्वास कोंडून दगावतात, त्यांच्या फुप्फुसात नेमका हाच पदार्थ कमी असतो. १९८० मध्ये जपानमध्ये अशा बाळांना बाहेरून हा पदार्थ देऊन यश आलं. आज आपल्याकडच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातही तो वापरतात. खरकट्या पाण्याबद्दलच्या एका प्रश्नाला अशी फळं येतील, हे १८८० साली कुणाला सांगता आलं असतं?

वर्गात करून पाहा

आग्नेसची पट्टी वर्गात वापरून पाहता येते. उभे, सपाट काठ असलेला एक आयताकृती ट्रे घ्या. तो साबणानं धुऊन, भरपूर पाण्यानं पुन्हा पुन्हा खळबळून घ्या. साबणाचा अंश राहता कामा नये. टेबलावर सपाट ठेवून तो काठोकाठ, पाणी काठाच्या किंचित वर फुगेल इतका भरा. त्यावर टाल्कम पावडर अगदी थोडी भुरभुरा.

आता काडीचं टोक खाद्यतेलात बुडवून, पुसून, पाण्याला मधोमध टेकवा. पावडर झटकन बाजूला सरकते आणि मध्ये मोकळं वर्तुळ दिसतं. हा तेलाचा थर. मग प्लॅस्टिकची स्वच्छ पट्टी ट्रेच्या काठांवर आडवी ठेवून हळूहळू पुढे सरकवा. पट्टीपुढचं सगळं दाटत जाईल. मुलांना विचारा : तेल वाढलं का? मग बदललं काय? शेवटी काडीला साबण लावून पाण्याला टेकवा आणि पावडर कुठे जाते ते पाहा. उत्तर आपण आधी सांगू नये. मुलांना वहीत लिहू द्यावं.

ओट्यावरचे पंचकोन

तिसरी गोष्ट आपल्या काळाच्या जवळची आहे. अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात मार्जोरी राइस नावाची गृहिणी राहत होती. तिला पाच मुलं होती आणि तिचं गणित हायस्कूलपुरतंच झालेलं होतं. घरात एका मुलासाठी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिक येई. त्यातलं मार्टिन गार्डनरचं गणितमनोरंजनाचं सदर ती आवडीनं वाचत असे.

१९७५ च्या जुलै अंकात फरशांचा प्रश्न आला. एकाच आकाराच्या फरशा वापरून, फट न ठेवता आणि एकीवर दुसरी न चढवता, जमीन झाकायची. कुठलाही त्रिकोण घ्या, जमतं. कुठलाही चौकोन घ्या, जमतं. नियमित षटकोनही जमतो, मधमाश्यांच्या पोळ्यात तो आपण पाहतोच. पण नियमित पंचकोन जमत नाही. त्याचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा. एका बिंदूपाशी तीन पंचकोन ठेवले की ३२४ अंश होतात आणि ३६ अंशांची फट उरते. पुठ्ठ्याचे तुकडे कापून मुलांना हे सहज पाहता येईल. मात्र पंचकोन नियमित नसेल, बाजू आणि कोन कमीजास्त असतील, तर काही प्रकार जमतात. असे पाच प्रकार १९१८ साली सापडले होते. १९६८ साली त्यात तीन नव्यांची भर पडली आणि यादी आता पूर्ण झाली, असं जाहीर झालं. गार्डनरनं तेच लिहिलं. थोड्याच महिन्यांत एका वाचकानं नववा प्रकार पाठवला, तेव्हा कळलं की यादी पूर्ण नव्हती.

मार्जोरीच्या मनात मग पंचकोन घोळू लागले. स्वयंपाकघरात कुणी नसलं की ती ओट्यावर कागद घेऊन आकृत्या काढत बसे. कुणी आलं की कागद झाकून ठेवी. गणिताची चिन्हं तिला येत नव्हती, म्हणून कोणते कोन आणि कोणत्या बाजू कुठे जुळतात हे दाखवण्यासाठी तिनं स्वतःचीच खुणांची पद्धत तयार केली. फेब्रुवारी १९७६ मध्ये तिला एक नवा प्रकार सापडला. तिनं तो गार्डनरला पाठवला. त्यानं तो डोरिस शॅटश्नायडर या गणिताच्या प्राध्यापिकेकडे दिला. डोरिसला त्या खुणांचा अर्थ लावायला प्रयास पडले, पण काम बिनचूक होतं. डिसेंबर १९७७ पर्यंत मार्जोरीनं एकूण चार नवे प्रकार शोधले.

त्यानंतर चौदावा प्रकार १९८५ मध्ये आणि पंधरावा संगणकाच्या साह्यानं २०१५ मध्ये सापडला. २०१७ साली मिशेल राव या गणितज्ञानं संगणकाच्या मदतीनं सिद्धता मांडली, की बहिर्वक्र पंचकोनांचे हे पंधराच प्रकार आहेत. त्याच वर्षी मार्जोरी राइस वारली. त्या पंधरांपैकी चार तिचे आहेत.

लहर की आणखी काही?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. हे विषय असंबद्ध का दिसतात?

एक गोष्ट उघड आहे. तिघींचेही विषय हाताशी असलेले होते. बागेतली अळी, घासायची भांडी, ओट्यावरचा कागद. दुर्बीण, प्रयोगशाळा, ग्रंथालय ज्याच्या हाताशी असतं त्याचे विषय तिथून येतात. ज्यांना घरातच राहायचं आहे त्यांचे विषय घरातून येतात. प्रत्येकीचं घर वेगळं, म्हणून विषय वेगळे. बाहेरून पाहणाऱ्याला ती लहर वाटते, एवढंच.

दुसरी गोष्ट जरा उशिरा लक्षात येते. विज्ञान या तिघींपर्यंत आलं ते कुणाच्या वाटेनं? मारियाला सावत्र वडिलांची चित्रशाळा मिळाली, आग्नेसला भावाची पुस्तकं, मार्जोरीला मुलाचं मासिक. तिघींनाही ते दुसऱ्या कुणासाठी घरात आलेल्या वस्तूतून मिळालं. ज्या घरात असा भाऊ नव्हता, असं मासिक येत नव्हतं, तिथल्या बायकांच्या मनातही प्रश्न घोळत असतीलच. ते कुठे गेले?

तिसरी गोष्ट म्हणजे, मनात घोळणं वेगळं आणि ज्ञान वेगळं. मधलं अंतर तिघींनीही सारख्याच रीतीनं कापलं. तिघींनी दिसलं ते लिहून ठेवलं. मारियाची अभ्यासवही आजही सेंट पीटर्सबर्गला जपून ठेवलेली आहे. तिघींनी आपापली पद्धत तयार केली : पेट्या, पन्हळ, खुणा. आणि तिघींनी ते कुणापुढे तरी ठेवलं. मारियानं स्वतः पुस्तक काढलं आणि नंतर टर उडवून घेतली. उरलेल्या दोघींच्या पत्रांना उत्तर आलं. रॅलेनं ते पत्र टोपलीत टाकलं असतं, किंवा डोरिसला त्या वेड्यावाकड्या खुणा वाचायचा कंटाळा आला असता, तर हे काम आपल्याला कळलंही नसतं. तेव्हाच्या चालीप्रमाणे कुणी त्यांना दोषही दिला नसता.

इथे आपला संबंध येतो. आज मुली मुलांच्या बरोबरीनं वर्गात बसतात, पुस्तकं त्यांच्या स्वतःच्या नावावर असतात. पण धड्याबाहेरचा प्रश्न विचारला की ‘ते परीक्षेला नाही’ असं उत्तर अजूनही मिळतं. ते मुलांनाही मिळतं. फरक असा, की मुलगा तोच प्रश्न घेऊन चौकात, दुकानात, गॅरेजमध्ये जाऊ शकतो. मुलगी बहुधा घरी जाते, भांड्यांपाशी. तिला उत्तर देणारी शाळा ही एकच जागा असण्याची शक्यता जास्त.

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आपल्याला यायला हवं असं नाही. रॅलेलाही उंबरठ्याचा अर्थ लावायला १८९९ उजाडावं लागलं. पण पत्र आलं तेव्हा त्यानं ते नीट वाचलं, त्यातली मापं खरी मानली आणि लिहिणारीचं नाव खाली राहू दिलं. एवढं आपल्याला वर्गात करता येईल. पुढच्या आठवड्यात मुलांना एक साधा गृहपाठ देऊन पाहा : काम करताना तुमच्या मनात पुन्हा पुन्हा काय येतं, ते चार ओळींत लिहा. बरोबर-चूक काही नाही, गुण नाहीत. वह्या गोळा करून घरी न्या, आणि प्रत्येक वहीत खाली एक ओळ तरी उत्तर लिहा.